एकच गोष्ट राहिलीय

बुधवारी दुपारी माझा भाऊ मलकापुरात शेडमध्ये मशीन उघडून बसला होता. त्याने पाना खाली ठेवला आणि भिंतीला टेकला. शेजारच्या वेल्डरने हाक मारली, त्याने ओ दिली नाही. वेल्डरने त्याला रिक्षात घालून कराडला नेलं. मी ग्रंथालयात होते. फोन आला तेव्हा चार वाजले होते. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तो गेला होता.

त्याच्या आदल्या रविवारी तो माझ्याकडे जेवायला आला होता. मी कराडला एकटी राहते. त्याचं घर मलकापूरला, मधे फक्त हायवे. जेवण झाल्यावर मोरीत हात धुताना तो म्हणाला, "आक्का, मशीनचं आता एकच राहिलंय बघ. एकच गोष्ट. मग चालू." मी पुस्तकात होते. मी "हं" म्हटलं. तो टॉवेल घेऊन जरा वेळ दारात उभा राहिला. कदाचित राहिला नसेलही. हा प्रसंग मी इतक्या वेळा आठवला आहे की त्यात खरं किती आणि मागाहून मी घातलेलं किती, ते मला आता सांगता येत नाही. एवढं नक्की, की कोणती गोष्ट, हे मी विचारलं नाही.

पुढचं वर्षभर मी तेवढंच शोधत होते.

तो सुतार होता. माझ्याहून सात वर्षांनी लहान. शाळा त्याने नववीत सोडली आणि मला पुस्तकांत सोडून दिलं, असं आई म्हणायची. पोटासाठी तो कपाटं, पलंग, स्वयंपाकघराचे ओटे करायचा, पण जीव त्याचा जुन्या मशिनांत. बंद पडलेल्या लाकडाच्या वखारींत कोपऱ्यात गंजत पडलेली ओतीव लोखंडाची मशिनं तो हुडकून काढायचा. टेम्पोत घालून आणायचा, खोलायचा, गंज काढायचा, तुटलेला भाग कुठून तरी मिळवायचा आणि एक दिवस पट्टा चढवून चालू करायचा. चालू झालं की त्याचा त्यातला रस संपायचा. मग कुणी सुतार येऊन ते घेऊन जायचा. अशी तीन मशिनं त्याच्या हातून गेली. हे चौथं मात्र तो ठेवणार होता.

ते रंदा मशीन होतं. सुतार हाताच्या रंद्याने फळी तासतो, तेच काम हे मशीन करतं. दोन लांब लोखंडी पाट, त्यांच्या मधल्या फटीत पाती बसवलेला एक रूळ. रूळ गरगर फिरतो आणि फळी वरून हाताने पुढे ढकलायची. कुंडलच्या एका बंद वखारीत उसाच्या पाचटाखाली त्याला हे सापडलं. बाजूला उठावाची इंग्रजी अक्षरं होती, त्यातलं शेवटचं 'अँड सन्स' एवढंच वाचता येत होतं. त्याआधीचा तुकडाच उडाला होता. कर्त्याचं नाव नसलेलं पुस्तक कसं नोंदवायचं ते आम्हाला शिकवलेलं असतं. मशीनचं काय करायचं, कोण जाणे.

"कुणाचे का पोरगे असंनात," तो म्हणाला होता. "काम बघ की."

अकराव्या दिवशी मी शेडवर गेले. त्याच्या घरात माणसं होती आणि प्रत्येक जण मला तेच विचारत होता, की आधी काही दुखत-खुपत होतं का. मी किल्ली घेऊन निघाले.

शेड उघडलं आणि मला ते बघवेना. जमिनीवर गोणपाट अंथरलेलं आणि त्यावर मशीनचे भाग पडलेले. एक बोल्ट, मग एक चकती, मग एक लोखंडी झाकण, मग पुन्हा बोल्ट, मग एक वाकडा दांडा. काहींवर खडूने रेघा मारलेल्या. काही बोल्ट मशीनच्याच भोकांत अर्धवट अडकवलेले, जेमतेम दोन पेच फिरवलेले. पाना तिथेच, भिंतीजवळ. मला वाटलं, तो इतका पसारा कधीच ठेवत नसे. मला वाटलं, लोक बघायला येतील आणि म्हणतील, सगळं टाकून गेला.

मी पदर खोचला. पत्र्याच्या ट्रेमध्ये डिझेल ओतलं आणि एकेक भाग धुवायला घेतला. खडू निघून गेला, तेलाचा चिकटा निघून गेला. भोकांत अडकवलेले बोल्टही काढून धुतले. मग लावायला घेतले. बोल्ट एका डब्यात, नट दुसऱ्यात, चकत्या तिसऱ्यात. बोल्टांत पुन्हा लांबीप्रमाणे गट केले. दांडे एका फळीवर, झाकणं दुसरीवर. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवली. तीस वर्षं मी हेच करत आले आहे. विखुरलेलं असेल ते जातीप्रमाणे लावायचं, म्हणजे पुढच्याला सापडतं.

दोन्ही झाकणांच्या कडांना कार्डाच्या पट्ट्या चिकटलेल्या होत्या, तेलाने पिवळ्या झालेल्या. सोडवून बघितल्या तर त्यावर माझं अक्षर. आमच्या ग्रंथालयाची यादी संगणकावर गेली तेव्हा जुनी कॅटलॉग कार्डं रद्दीत जाणार होती. मी हाताने लिहिलेली हजारो कार्डं. मी खोकी भरून घरी आणली. त्यातलं एक खोकं त्याने मागितलं होतं. मापं लिहायला घेत असेल म्हणून मी दिलं. आणि त्याने ती कात्रीने कापली होती. एका पट्टीवर लेखकाच्या आडनावाचा शेवट, दुसरीवर पानांची संख्या, तिसरीवर नुसतं 'सचित्र'. मला त्याचा राग आला. जाऊन अकरा दिवस झालेल्या माणसाचा राग येऊ शकतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. पट्ट्या गोळा करून घरी आणल्या आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणी तापवताना बंबात घातल्या.

तेरावं झाल्यावर भावजयीने विषय काढला. ती मोजकं बोलते.

"वन्सं, वेल्डरला शेड पाहिजेय. मी त्यांना वर्षश्राद्धापर्यंत थांबा म्हणलंय."

"आणि मशीन?"

"चालू झालं तर ठेवू. शेडच्या कोपऱ्यात ठेवा म्हणतायत ते. न्हाई झालं तर भंगारवाला येईल. असं उघडं मढ्यागत पडलेलं मला बघवत न्हाई."

मी म्हटलं, मी करते चालू. ती माझ्याकडे बघतच राहिली. मी आयुष्यात शिलाई मशीनला तेलसुद्धा घातलेलं नव्हतं.

तर माझ्या मनात गणित सोपं होतं. एकच गोष्ट राहिली आहे, असं तो म्हणाला होता. ती गोष्ट शोधायची, आणायची, कुणाकडून तरी जोडून घ्यायचं. मी पहिल्यांदा आमच्या ग्रंथालयात शोधलं. यंत्रशाळेवरच्या जुन्या पुस्तकांच्या मागच्या फळीवर, जिथे विद्यार्थी जात नाहीत, एका पुस्तकात रंदा मशीनची आकृती मिळाली. भागांना आकडे दिलेले. मी झेरॉक्स काढली आणि शेडमध्ये बसून एकेक भाग ताडून बघितला. आकृतीत तेवीस भाग होते. आमच्याकडे एकतीस. शिवाय आकृतीतले चार आमच्याकडे नव्हते. मग राहिलेली गोष्ट ह्या चारांतली कोणती? आणि जास्तीचे एवढे भाग कशाचे? तो दुसऱ्या मशीनचे भाग ह्यात मिसळून गेला असेल का? मी सगळं पुन्हा मोजलं. ह्या खेपेला तेहेतीस आले.

कराडच्या एका फिटरला आणून दाखवलं. त्याने डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या आणि मान हलवली.

"हे कुणी लावलं?"

"मी."

"झ्याक लावलंय," तो म्हणाला आणि वेल्डरकडे बघून हसला. "मेडिकलच्या दुकानागत."

त्याच्या मते राहिलेली गोष्ट म्हणजे पट्ट्याची चाकी. मशीनच्या रुळावर एक चाकी होती, पण ती त्याला लहान वाटत होती. वेल्डरच्या मते पाती घट्ट धरणारी पाचर. तो म्हणाला, "मला दादा एकदा म्हणालेवते, पाचर करून दे म्हणून. का दुसऱ्या मशीनची म्हणालेवते, काय की." भावजय म्हणाली, शेवटच्या महिन्यात तो सांगलीला दोनदा जाऊन आला होता आणि दोन्ही वेळेला हात हलवत परत आला होता.

मग मी सांगलीला गेले.

एसटीत मांडीवर पुस्तकांची कापडी पिशवी, तिच्यात नमुन्याला घेतलेले लोखंडाचे तुकडे. कंडक्टर म्हणाला, "बाई, पिशवी वर ठेवा की." मी म्हटलं, राहू दे. वर ठेवली असती तर खालच्याच्या डोक्यात पडली असती. सांगलीत जुन्या मशिनांचा माल विकणाऱ्यांची एक गल्ली आहे. गाड्यांचे भाग बाहेर, मोटारी मधे, आणि अगदी आत, अंधारात, ज्याला गिऱ्हाईक नाही असं ओतीव लोखंड. तिथल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराला सगळे चाचा म्हणत होते. भावाचा फोटो मी मोबाइलवर दाखवला, तर त्यांनी चष्मा वर केला.

"सुतार? मलकापूर?" ते म्हणाले. "ये आदमी तो मेरा दिमाग खाता था. चहा माझा प्यायचा आणि माल नको म्हणायचा."

मी सांगितलं, तो गेला. त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला आणि आतल्या माणसाला चहा सांगितला.

"शेवटी आला होता तेव्हा काय मागत होता?" मी विचारलं.

"मागत काहीच नव्हता, आपा. बसला, जुनी बेअरिंगं उघडून बघितली, बोटं फिरवली, गेला."

"बेअरिंग हवं होतं का त्याला?"

"त्याच्या मशीनचं बेअरिंग बाजारात मिळत नाही. ते ओतायचं असतं. त्याचं चांगलं होतं, मला म्हणाला. मग कशाला बघत होता, अल्ला जाणे."

मी त्यांना माझी आकृती दाखवली, चार भाग लाल शाईने गोल केलेले. त्यांनी कागद लांब धरला.

"मॅडम, तुम्ही पार्ट शोधताय का पुस्तक? हे मशीन वेगळं, तुमचं मशीन वेगळं. ह्यातला एक पण तुमच्या मशीनला कधी नव्हताच."

म्हणजे चार महिने मी जे शोधत होते ते कधी अस्तित्वातच नव्हतं. तरी येताना मी एक चाकी घेऊन आले, फिटर म्हणाला होता त्या मापाची. ती बसली नाही. पुढच्या खेपेला एक पाचर आणली. तीही नाही. माझ्या हॉलमध्ये पुस्तकांच्या कपाटाखाली लोखंड साठायला लागलं. भावजय एकदा आली आणि चप्पल काढताना तिच्या पायाला चाकी लागली.

"वन्सं," ती म्हणाली, "भाऊ गेला म्हणून तुमी त्याचा धंदा सुरू केला का?"

ती हसली. मी चहा ठेवायला आत गेले.

कुंडलला मी आधीच जायला हवं होतं. मशीन तिथून आलं होतं, हे मला माहीत होतं. पण मी भाग शोधत होते, माणूस शोधायचं मला सुचलं नाही. चाचांनीच तिसऱ्या खेपेला सुचवलं: "चालवणारा कोण होता त्याला विचारा. मशीन त्याला ओळखत असेल."

दसऱ्यानंतर मी ताकारीपर्यंत रेल्वेने आणि पुढे वडापच्या जीपने कुंडलला गेले. वखारीच्या जागी आता खतांचं दुकान होतं. दुकानदाराने एका घराकडे बोट दाखवलं. वखारीत चाळीसेक वर्षं रंदा मशीन चालवलेला माणूस तिथे राहत होता. मूळचा तो पूर्वेकडच्या दुष्काळी भागातला, घरात मेंढरं. एका उन्हाळ्यात कळपाबरोबर इकडे आला आणि वखारीत कामाला राहिला, तो राहिलाच. आता पंच्याहत्तरीच्या पुढचा, दाराशी पुन्हा थोडी मेंढरं. डाव्या हाताची करंगळी अर्धी. अंगणात बाजेवर बसून तो माझं सगळं ऐकत होता. मी पिशवीतून झाकणं काढून त्याच्यापुढे ठेवली.

"आवं, ही धुतली कुणी?" त्याने विचारलं.

"मी."

"कागद कुठाय?"

"कसला कागद?"

त्याने दोन्ही हातांच्या ओंजळी एकमेकींवर ठेवून दाखवल्या. म्हणाला, रुळाच्या दोन टोकांना दोन बेअरिंगं. एकेक बेअरिंग म्हणजे दोन अर्धे, खालचा अर्धा मशीनला आणि वरचा ह्या झाकणात. आत मऊ पांढरा धातू ओतलेला. मधून रूळ फिरतो. झाकण थेट घट्ट केलं तर रूळ आवळला जातो आणि धातू वितळतो. सैल ठेवलं तर रूळ थडथड उडतो आणि फळीवर लाटा उठतात. म्हणून दोन अर्ध्यांच्या मधे कडेला कागद घालायचे. किती, ते ज्या त्या मशीनचं. झिजेल तसा एकेक कागद कमी करायचा.

"तुमचा भाऊ आल्तावता की माज्याकडं. दोन येळा. म्या सांगटलं, वर्तमानपत्र नगं, दबतंय. जाड, कडक, सगळं एका जाडीचं पायजे. तर हसाय लागला. म्हनला, तसला माल आमच्या आक्काकडं लय हाय."

अंगणात एक शेळी कडबा ओढत होती. मी तिच्याकडे बघत राहिले. मला ते बंबातलं पाणी आठवत होतं, त्याने कोण आंघोळ करून गेलं तेही आठवत होतं. पट्ट्या किती होत्या ते मात्र आठवत नव्हतं. सगळं मोजलं होतं मी त्या शेडमध्ये, तेवढ्या सोडून.

"मी जाळल्या," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. झाकणं माझ्याकडे सरकवून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. मानसं गेल्यावर मानसं कायबाय जाळत्यातच."

मी त्याला तोच प्रश्न विचारला, जो सगळ्यांना विचारत आले होते. भाऊ म्हणाला होता, एकच गोष्ट राहिली आहे. ती हीच का?

त्याने बराच विचार केला. "कागद तर त्यानं घातलंवतं म्हनता. मग ती कशी ऱ्हायली? आजून थोडं मागायचं आसतील तुमच्याकडनं. न्हाईतर पट्टा आसंल. मला काय म्हाईत, बाई. मशीनमधी कमी काय बी न्हाई, एवढं सांगतो. म्या त्येला टेम्पोत चढवताना बघितलंय. सगळं व्हतं."

वर्षश्राद्धाला तीन आठवडे होते तेव्हा तो म्हातारा मलकापूरला आला. मी त्याला रिक्षा करून स्टेशनवरून आणलं. येताना पुन्हा पुन्हा सांगत होता की चार वाजता मेंढरं येतात, त्याला परत सोडायला पाहिजे.

शेडमध्ये शिरून त्याने मशीनच्या पाटावरून उलटा हात फिरवला, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग डब्यांकडे बघितलं.

"हे काय?"

"प्रकारानुसार लावलेत," मी म्हटलं.

त्याने मला समजावून सांगितलं, अगदी शांतपणे. मशीन खोलणारा माणूस भाग काढतो त्याच क्रमाने गोणपाटावर मांडतो, डावीकडून उजवीकडे. जोडताना उजवीकडून डावीकडे यायचं. आणि बोल्ट काढला की त्याच्याच भोकात दोन पेच अडकवून ठेवायचा, म्हणजे कुणाचा कुणाला जात नाही. भावाने सगळं मांडून ठेवलं होतं. गोणपाटावर ते ओळीने लिहिलेलंच होतं. ज्याला मी पसारा म्हटलं तो क्रम होता, आणि मी तो मोडून माझा लावला.

वेल्डर म्हणाला, "आक्कांनी लय कष्टानं केलंय, बाबा."

"कष्ट दिसत्यातच की," म्हातारा म्हणाला.

झाकणांचं कसं कळणार, असं मी विचारलं. कोणतं डावं, कोणतं उजवं? खडू तर मी धुऊन टाकला. त्याने माझा अंगठा धरला आणि झाकणाच्या कडेवर फिरवला. एक बारीक खळगा लागला. दुसऱ्यावर दोन. मशीनच्या अंगावरही, खालच्या अर्ध्याशेजारी, एकीकडे एक आणि दुसरीकडे दोन. टोच्याने ठोकलेले. ते डिझेलने जात नाहीत.

"ह्ये कुणी ठोकलं?"

"मशीन केलं त्येनी. न्हाईतर माज्या आदुगर कुणीतरी," तो म्हणाला. "आता कागद काढा."

मी घरून खोकं आणलं होतं. मधे ओळी आखलेली, खाली भोक असलेली पांढरी कार्डं. त्याने एक घेऊन वाकवून बघितलं, दातांत धरून बघितलं, आणि मान डोलावली. मी कात्री घेतली. पहिलं कार्ड हातात घेतलं तर वाचत बसले. पुस्तक आठवत होतं. ज्या वर्षी आलं ते वर्ष आठवत होतं, कारण त्या वर्षी भावाचं लग्न झालं. ते बाजूला ठेवून दुसरं घेतलं. तेही आठवत होतं.

"आवं बाई," म्हातारा म्हणाला, "वाचत बसला तर माजी मेंढरं घरी येत्यात."

मग मी वाचायचं टाळून कापलं. तो सांगेल त्या रुंदीच्या पट्ट्या, बोल्टासाठी मधे भोक. प्रत्येक बाजूला आठ-आठ घालून त्याने झाकण बसवलं, आवळलं आणि रूळ हाताने फिरवला. सैल होता. एक काढली. पुन्हा आवळलं, पुन्हा फिरवला. असं चाललं. डोळे मिटून फिरवायचा. मलाही त्याने फिरवायला लावलं. "जड लागतंय?" मला कळेना. "आता?" मला तेव्हाही कळलं नाही, पण मी हो म्हटलं, आणि तो म्हणाला, "न्हाई, आजून न्हाई." उजवीकडे पाच राहिल्या तेव्हा रूळ अडला, म्हणून त्याने एक परत घातली. डावीकडे सातावरच थांबला.

बाकीचं जोडायला आणखी दोन दिवस गेले. दोन्ही दिवस त्याला मीच आणलं आणि चारच्या आत सोडलं. मोटर वेल्डरने जोडली. पट्टा शेडमध्येच होता, नवा, कागदात गुंडाळलेला, फळीच्या मागे. म्हणजे पट्टाही राहिलेली गोष्ट नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी भावजय आली. मीच बोलावलं होतं. ती दाराशी उभी राहिली, आत आली नाही. वेल्डरने बटण दाबलं. मशीन आधी कण्हल्यासारखं वाजलं, मग आवाज सरळ झाला. म्हाताऱ्याने बेअरिंगमध्ये तेल सोडलं आणि कोपऱ्यातली सागाची एक फळी घेतली, भावाने कधीतरी आणून ठेवलेली, आणि रुळावरून ढकलली. पलीकडे ती गुळगुळीत निघाली. त्याने ती उजेडात आडवी धरली, लाटा आहेत का बघायला. मग मशीन बंद करायला लावलं आणि एकेका झाकणावर तळवा ठेवला.

"कोमट हाय," तो म्हणाला. "बरं हाय."

भावजयीने आत येऊन फळीवर हात फिरवला. म्हणाली, "असंच करायचे ते. पहिल्या फळीवर हात फिरवायचे आणि मग तोंड धुवायला जायचे." मग मला म्हणाली, "मिळालं म्हणायचं का वन्सं, तुमचं राहिलेलं?"

इतक्या महिन्यांत मी समजून चालले होते की मशीन चालू झालं की ते मागाहून कळेलच. मशीन चालू होतं. सगळे भाग होते. भावाने कागद घातले होते, पट्टा आणला होता, बेअरिंगं चांगली होती. मग त्याचं काय राहिलं होतं? कदाचित माझ्याकडून आणखी कार्डं मागायची राहिली असतील. कदाचित मला बघायला बोलवायचं राहिलं असेल. आधीच्या तीन मशिनांच्या वेळी मी आले नव्हते. कदाचित तो सहज बोलला असेल.

म्हातारा हत्यारं पुसत होता. माझ्या डब्यांपैकी बोल्टांचा डबा त्याने उपडा केला. एक बोल्ट खाली पडला, मधल्या लांबीचा. त्याने तो उचलला, मशीनभोवती दोन चकरा मारल्या, वाकून खाली बघितलं. रिकामं भोक कुठेच नव्हतं.

"ह्यो कुठला?" त्याने मला विचारलं.

मी तो कधी उचलला, कुठून, गोणपाटावरून की मशीनमधून, हे मला आठवलं नाही. त्याने तो माझ्या हातात दिला आणि म्हणाला, मेंढरं यायची वेळ झाली.

वर्षश्राद्ध होऊन गेलं. शेडमध्ये आता वेल्डर काम करतो. रंदा मशीन उजव्या कोपऱ्यात आहे, आणि आसपासचे सुतार फळ्या घेऊन येतात. डाव्या बेअरिंगमध्ये सात पट्ट्या आहेत, उजव्यात सहा. कार्डांचं अर्धं खोकं माझ्याकडे आहे. बोल्ट माझ्या टेबलावर आहे.